लाडूवाली आजी खोटी आहे

मराठी बालकथांमधली आजी खोटी आहे. आजोबाही खोटे आहेत. त्यांचा वाडा, माळ्यावरची लोखंडी ट्रंक, ट्रंकेतला पिवळा पडलेला फोटो, परसातली विहीर, विहिरीवरचा रहाट, सगळं खोटं आहे. मी स्वतः आजी आहे. नातवंडांना वाचून दाखवायला म्हणून ही पुस्तकं हौसेने आणते आणि दहाव्या पानावर संतापून मिटते. आता मिटून गप्प बसायचा कंटाळा आला आहे, म्हणून लिहिते.

कथानक तुम्हाला पाठ असेलच. शहरातला मुलगा, नाव आर्यन किंवा वेदांत. मोबाइलचं वेड. आईबाबा नोकरीत गुंतलेले, म्हणजे लेखकाच्या लेखी अर्धे गुन्हेगार. सुट्टीत स्वारीची रवानगी गावी होते. आधी तो तोंड वाकडं करतो. मग रेंज जाते. मग माळ्यावर ट्रंक सापडते. ट्रंकेत फोटो, फोटोत खादीची टोपी, आणि कळतं काय, तर आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते! आर्यनचे डोळे पाणावतात. तो मोबाइल बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘आजी, मला गोष्ट सांग ना.’ आजी लाडू देते. समाप्त.

कुठल्या जिवंत मुलाने असं केलं आहे? आणि लेखकमहाशय, तुम्हाला बेरीज-वजाबाकी येते का?

१९४२ साली जो पोरगा अठरा वर्षांचा होता, त्याचा जन्म १९२४चा. तो आज असता तर शंभरी ओलांडून गेला असता. त्याला दहा वर्षांचा नातू कुठून आला? पणतू म्हणा, खापरपणतू म्हणा. पण नाही. लेखकाने आपल्या लहानपणी वाचलेले आजोबा उचलले आणि आजच्या मुलाच्या घरात आणून बसवले. मधली चाळीस-पन्नास वर्षं गिळून टाकली. बालकथांमधले हे सगळे भूमिगत आजोबा एकत्र केले तर साताऱ्याचं दुसरं प्रतिसरकार उभं राहील. स्वातंत्र्यलढ्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच त्याचा असा स्वस्त वापर मला सहन होत नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी जिवावर उदार होऊन जे केलं, ते एका लाडावलेल्या मुलाची मोबाइलची सवय सोडवायला केलं नव्हतं.

आजीचं गणित तर याहून गचाळ. दहा वर्षांच्या मुलाची आजी आज साठ-सत्तरची. तिचा जन्म १९५५ ते ६५च्या आसपासचा. चित्रात ती कशी दिसते? नऊवारी, अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात जातं. अहो, माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी दळणाचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जात होत्या! आम्ही ‘शोले’ थिएटरात पाहिला. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली, तेव्हा शेजारच्यांच्या दारात दाटीवाटीने बसून आम्ही ते बघितलं. गॅसला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, रॉकेलच्या रांगेत भांडलो. आमच्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षिका होत्या, नर्सा होत्या, टेलिफोन ऑपरेटर होत्या, बँकेत कॅश मोजणाऱ्या होत्या, दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपणाऱ्या होत्या. आणि आज आमच्याही हातात मोबाइल असतो. सकाळी सहाला फुलांचे फोटो कोण पाठवतं? आर्यन नव्हे, आर्यनची आजी. तेव्हा नातवाचा फोन काढून घेणारी ही सात्त्विक मूर्ती कुणाच्या घरात पाहिली तुम्ही?

हा नुसता तपशिलातला कालविपर्यास असता तर मी चित्रकाराला दोन शब्द सुनावून गप्प बसले असते. पण मधली वर्षं गाळली की त्या वर्षांत घडलेलं सगळंच गळतं. आणि त्या वर्षांत काय घडलं, ते जरा बघा.

१९७२चा दुष्काळ. आजच्या कितीतरी आज्या तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या, अगदी गोष्टीतल्या नातवाच्या वयाच्या. नगर, बीड, सोलापूर, उस्मानाबादच्या पोरी आईच्या मागे खडी फोडायला गेल्या. सुकडी खाल्ली. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. त्या खडीतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५मध्ये साऱ्या देशाने तसा कायदा केला. हाताला फोड आलेली बारा वर्षांची मुलगी आणि तिने फोडलेल्या खडीचा रस्ता, ज्यावरून आज तिचा नातू शाळेच्या बसने जातो. ही गोष्ट नाही? यात नातं नाही? यात इतिहास नाही? का त्यात वाडा नाही म्हणून चालत नाही?

गिरणी संप घ्या. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या खोल्यांमधून माणसं गावी परतली, बायकांनी पोळ्या लाटून, खानावळी चालवून घरं ओढली, पोरांच्या शाळा सुटल्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. एखादा नातू त्या मॉलच्या गेमझोनमध्ये खेळतो आणि त्याचा आजोबा बाहेर कट्ट्यावर बसून चिमणीकडे बघतो. त्या आजोबाला आत जावंसं का वाटत नाही, हे त्या मुलाने विचारलं की कादंबरी सुरू झाली! त्यासाठी माळ्यावर चढायला नको, लोकलचं तिकीट पुरे.

आणि बीड. दिवाळी उलटली की बीडच्या गावांतून ऊसतोड्यांच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने ती माणसं कारखान्याच्या तळावर. मग पोरं कुणाकडे? आजी-आजोबांकडे. अख्ख्या महाराष्ट्रात आजी आणि नातवंडं यांचं सर्वांत घट्ट, सर्वांत कष्टाचं नातं जर कुठे घडत असेल तर त्या अर्ध्या रिकाम्या गावांत. गुडघे दुखणारी म्हातारी तिघाचौघांना उठवते, शाळेत धाडते, तापात रात्र जागते आणि कामाआधी घेतलेली उचल फिटली का याचा हिशेब करते. आमच्या बालकथेला ही आजी दिसत नाही, कारण हिच्याकडे लाडू नाहीत.

इथे साहित्यसेवक लगेच हात वर करतात. म्हणतात, ‘मुलांची मनं कोवळी असतात हो.’ किती वर्षं हे तुणतुणं वाजवणार? याच कोवळ्या मनांना तुम्ही देवकीची बाळं शिळेवर आपटणारा कंस सांगता. भर सभेत द्रौपदीच्या वस्त्राला हात घालणारा दुःशासन सांगता, आणि त्याची छाती फोडणारा भीमही सांगता. ‘श्यामची आई’ १९३५ साली आली. त्यात कर्ज आहे, दारात येऊन अपमान करणारा सावकाराचा माणूस आहे, झिजत झिजत मरणारी आई आहे. गेली नव्वद वर्षं मराठी मुलं ते पुस्तक वाचून रडली, आणि रडून शहाणी झाली. साने गुरुजींना मुलांच्या कोवळेपणाची काळजी तुमच्यापेक्षा कमी होती काय? त्यांना ठाऊक होतं की मुलाला दुःख कळतं. मुलाला ढोंग आवडत नाही. आणि ढोंग तर पहिल्या पानावरच ओळखू येतं.

खरी गोष्ट अशी की ही पुस्तकं मुलांसाठी लिहिलेलीच नसतात. ती विकत घेणाऱ्या आईबाबांसाठी असतात, शाळेच्या वाचनालयाची यादी करणाऱ्यांसाठी असतात आणि पाठीमागे ‘संस्कारक्षम’ असा शिक्का मारणाऱ्यांसाठी असतात. त्यातला आजोबा म्हणजे उतारवयातल्या लेखकाने रंगवलेलं स्वतःचं चित्र: ज्ञानी, शांत, सर्वांना हवाहवासा. नातू हा त्याचा भक्त. नाव कुटुंबाचं आणि काम आरतीचं! वडीलधाऱ्यांच्या पाया पडावं, हे शिकवायला शंभर पानं लागत नाहीत. एक वाक्य पुरतं, आणि तेही घरोघरी रोज बोललं जातं.

आणि मुलांना घरात काय चाललंय ते कळत नाही, असं या मंडळींना खरोखर वाटतं? आजी आईला काय टाकून बोलते, हे पोरांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. गोष्टीत मात्र सासू आणि सून एकमेकींना ताट वाढतात आणि हसतात. माझ्या पिढीतल्या बायका सुना होत्या त्या काळात देशाला भारतीय दंडसंहितेत ४९८अ हे कलम घालावं लागलं. साल १९८३. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळासाठीचं ते कलम. आजच्या आजींपैकी काहींनी तो छळ सोसला, आणि काहींनी पुढे सासू होऊन तो दुसरीवर केला. दोन्ही खरं आहे. आपल्यावर माया करणारी आजी आपल्या आईशी वाईट वागली होती, हे ज्या मुलीला कळतं, तिने आता आजीवर प्रेम कसं करायचं? हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलीला पडतो. मोठ्यांना उत्तर देता येत नाही म्हणून ते पुस्तकात लाडू ठेवतात.

घराण्याचा इतिहास ट्रंकेत असतो, ही तर शुद्ध थाप. महाराष्ट्रातल्या बहुतेक घराण्यांचा इतिहास सातबाऱ्यावर आणि फेरफारात असतो. जमीन कुणाची होती, कुळकायद्यात कुणाकडून गेली, कुणाला मिळाली, धरणाखाली किती बुडाली, दारूत किती गेली, लग्नात किती विकली. आत्याचं नाव कधी लागलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेऊन कधी कमी केलं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांसारखा हक्क १९९४ साली दिला, केंद्राने २००५ला. आणि तरी राखी पौर्णिमेच्या आसपास भाऊ कागद घेऊन बहिणीच्या दारात जातात. हे पाहायला आता तलाठ्याच्या दारात खेटे घालायची गरज नाही, सातबारा ऑनलाइन दिसतो. म्हणजे जो मोबाइल तुम्ही आर्यनच्या हातातून हिसकावता, त्याच मोबाइलवर त्याला स्वतःच्या घराण्याचा इतिहास सापडेल! भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला आज हा फोन मिळाला असता तर त्याने दोन प्रकरणांत सगळ्या भाऊबंदकीचा छडा लावला असता. असा चौकस पोरगा, अशी चौकस पोरगी आजच्या गोष्टीत का नाही? कारण ती चौकशी लेखकाच्याही दारापर्यंत येईल.

आणि वाडा कुणाचा, हो? किती मराठी माणसांचे आजोबा वाड्यात राहत होते? गावकुसाबाहेरच्या घरात ट्रंक कुठली आणि तिच्यात पत्रं कुठली, जिथे आजीला अक्षरओळखच होऊ दिली नव्हती? मोठ्यांच्या मराठी साहित्याने हे केव्हाच सांगितलं. ‘बलुतं’ १९७८चं, ‘अक्करमाशी’ १९८४चं, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६चं. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त संतामाय ही आजी आहे आणि तिच्यासोबत राहणारे दादा आहेत, महमूद दस्तगीर जमादार, धर्माने मुसलमान, स्टँडवर हमाली करणारे. रक्ताचं नातं नाही, जात एक नाही, धर्म एक नाही, आणि या माणसाने त्या पोराला माया लावली. आजोबा-नातवाच्या नात्याचं याहून उंच उदाहरण मराठीत मला कुणी दाखवावं. ते पुस्तक जसंच्या तसं दहा वर्षांच्या मुलाला द्या असं मी म्हणत नाही. पण त्या आजोबांची गोष्ट मुलांसाठी लिहायला कुणाचा हात कुणी धरला आहे? डॉ. आंबेडकरांनी आपल्या लहानपणची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे: १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, त्यांची जात कळल्यावर गाडीवाला त्यांना न्यायला तयार होत नाही आणि प्यायला पाणी मिळत नाही. ‘भीमायन’ या चित्रपुस्तकाने ती २०११ साली मुलांपर्यंतही नेली. ती वाचून कुठल्या मुलाचं कोवळं मन मोडलं?

हे जमतं, हे सांगायला दूर जायला नको. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ १९३३ची. हामिदचे आईवडील वारलेत, घरात आजी अमीना, आणि ईदच्या दिवशी खिशात तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद चिमटा घेतो, कारण तव्यावरून भाकरी काढताना आजीची बोटं भाजतात. तीन पैशांत नातं, गरिबी, भूक आणि शहाणपण सगळं आलं. आणि अमीना आधी चिडते, हे विसरू नका! ‘दुपार झाली, काही खाल्लं नाहीस, प्यायला नाहीस, आणि आणलंस काय, तर चिमटा!’ म्हणून ऊर बडवते. ती माणूस आहे म्हणून चिडते. सुधा मूर्तींनी इंग्रजीत सांगितलेल्या गोष्टीतली आजी बघा. तिला कन्नड लेखिका त्रिवेणींची ‘काशी यात्रे’ ही साप्ताहिकात क्रमशः येणारी कादंबरी स्वतःची स्वतः वाचायची आहे, म्हणून ती बासष्टाव्या वर्षी नातीकडून अक्षरं गिरवते. तिला काहीतरी हवं आहे! आमच्या गोष्टींतल्या आजीला आयुष्यात कधी काही हवं नसतं. जर्मनीत पेटर हेर्टलिंग यांनी १९७५ साली ‘ओमा’ लिहिलं. अनाथ नातवाला वाढवणारी सदुसष्ट वर्षांची फटकळ बाई. पैसे पुरत नाहीत, सरकारी कचेरीत भांडते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तिच्या मनातलं वाचकाला ऐकू येतं. आपण मेलो तर या पोराचं काय, ही भीतीसुद्धा. त्या पुस्तकाला पुढच्याच वर्षी जर्मनीचा बालसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. मराठीतही माधुरी पुरंदरे यांनी घरातली साधी माणसं उपदेशाचा एक थेंब न सांडता मुलांसमोर उभी केली आहेत. वाट आहे. चालायचं नाही, एवढंच.

परदेशातल्या मराठी घरांची गोष्ट तर याहून दांभिक होते. न्यू जर्सीतली नात, पुण्याहून आलेली आजी, पुरणपोळी, मराठीचा गोडवा. आजी तिथे का गेली, हे लेखक विचारतो का? पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून आधी आईकडचे, मग बाबांकडचे अशा पाळ्या लावून आजी-आजोबा बाळ सांभाळायला बोलावले जातात. तिथे गाडी चालवता येत नाही, दुपारभर बोलायला माणूस नाही, आजारी पडण्याची धास्ती. प्रेम असतंच. पण ते काम आहे, आणि ते करणाऱ्या बाईला कंटाळा येतो, एकटं वाटतं, कधी रागही येतो. तो राग जाणणारी नात मला हवी आहे. पुरणपोळी खाऊन ‘वॉव आजी’ म्हणणारी नको.

म्हणून लेखकांना माझं रोखठोक सांगणं आहे. तुमच्या आजीला आधी जन्मसाल द्या. मग काम द्या, पगार द्या किंवा मजुरी द्या. तिला एखादी हट्टी इच्छा द्या, एक चूक द्या, एक माणूस द्या ज्याच्याशी ती आयुष्यात बोलली नाही. आजोबांना एखादी गोष्ट अशी द्या की जिची त्यांना लाज वाटते. आणि नातवंडाला पाया पडण्याव्यतिरिक्त दुसरं काहीतरी करू द्या. आजीचे दोष कळले म्हणून नातवंडं तिला सोडून जात नाहीत. ज्या माणसाबद्दल आपल्याला खरं कळलं, त्याच्यावरच प्रेम करता येतं. मला माझ्या नातवंडांचं तसं प्रेम हवं आहे. चित्रातल्या अंबाड्यावर केलेलं प्रेम माझ्या काय कामाचं?

आणि मुलांनो, लेखकांच्या भरवशावर राहू नका. आपापल्या घरी जा आणि विचारा. आजी, तुझी शाळा का सुटली? पहिला पगार किती होता, आणि तो कुणाच्या हातात दिलास? आजोबा, तुमचं गाव का सुटलं? आपल्या घरी कामाला कोण यायचं, त्यांना कुठपर्यंत येऊ द्यायचे? का आपणच कुणाच्या दाराबाहेर उभे राहायचो? आत्याने त्या कागदावर सही का केली? ‘मोठा झालास की कळेल’ असं उत्तर मिळालं, तर तिथून हलू नका. पुन्हा विचारा.